जुनी छोटी गाडी घ्यायची का? आधी कागद, मग पत्रा, मग रस्ता, मग हिशेब



आज बोलायचं आहे जुन्या चारचाकी गाडीबद्दल. जांब समर्थ असो, कुंभार पिंपळगाव असो की तीर्थपुरी, हल्ली गटाच्या बैठकीत एखादी तरी ताई विचारतेच, "साठ-सत्तर हजारांत मारुती मिळते म्हणतात, घ्यावी का?" कुणाला सासऱ्यांना डायलिसिससाठी जालन्याला न्यायचं असतं, कुणाला पापड-मसाले अंबडच्या बाजारात पोचवायचे असतात, तर कुणाला परतूरला गाडी पकडायला वेळेवर जायचं असतं. गरज खरी असते. पैसे मात्र बऱ्याचदा गटाच्या कर्जातले, नाहीतर मोडलेल्या सोन्यातले असतात. म्हणून घाई नको आणि भीतीही नको.

"बायकांना गाडीतलं काय कळतं?" असं कुणी म्हणालं तर त्यांना बैलबाजाराची आठवण करून द्या. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, दावणीला कसा उभा राहतो ते पाहतो. रंगावर आणि शिंगांना लावलेल्या बेगडावर कुणी पैसे मोजत नाही. गाडीचंही तसंच आहे. आम्ही त्याचे चार भाग केले आहेत: आधी कागद, मग पत्रा, मग रस्ता आणि शेवटी हिशेब. पहिल्या भागात गाडी नापास झाली तर दुसऱ्याकडे जायचंच नाही.

आधी कागद

गाडीचा सातबारा म्हणजे तिचं आरसी बुक. शेत घेताना आपण सातबाऱ्यावर नाव कुणाचं, बोजा आहे का आणि फेरफार झाला का, हे पाहतो. आरसीवरही हेच पाहायचं.

नाव: विकणारा माणूस आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? नसेल तर थांबा. आपल्याकडे गाड्या शंभर-पाचशेच्या बॉन्डवर हातोहात विकल्या जातात. पहिल्याने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, पण आरसीवर नाव राहिलं पहिल्याचंच. बॉन्ड म्हणजे फेरफार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की अपघाताची भरपाई द्यायच्या वेळी कायदा आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच मालक मानतो. त्या प्रकरणातली गाडीही अशीच एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली होती. म्हणून घेताना नाव लावून घ्यायचं आणि आपली गाडी विकतानाही नाव काढून द्यायचं. दोन्हीकडून ही आपलीच राखण आहे.

बोजा: गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात यायला हवा. नाहीतर हप्ते दुसऱ्याने बुडवायचे आणि गाडी आपल्या दारातून ओढून न्यायची, असा प्रकार होतो.

मुदत: घरगुती गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. स्वस्त गाडीतला सगळ्यात मोठा खड्डा इथेच असतो. एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं. २० वर्षांपुढच्या कारसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आलं. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणजे नोंदणी संपून तीन वर्षं झालेली गाडी घेतली, तर फक्त उशिराचेच १८,००० रुपये होतात. शिवाय १५ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो, तोही वेगळा. म्हणून "कागद थोडे जुने आहेत, होऊन जातील" असं कुणी म्हटलं, तर ते "थोडे" म्हणजे किती रुपये, हे आधी जालन्याच्या आरटीओत विचारून लिहून आणा.

नंबर: एमएच-२१ म्हणजे आपला जालना. परराज्यातली गाडी फार स्वस्तात मिळत असेल तर कारण विचारा. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या कमी भावात बाहेर येतात. त्या वाईटच असतात असं नाही. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि महाराष्ट्राचा रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. ते धरलं की स्वस्त गाडी बऱ्याचदा महाग पडते. दिल्लीचा तो नियम आपल्याकडे लागू नाही. त्यामुळे "१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते" या अफवेला घाबरून चांगली गाडी सोडू नका, आणि घाबरून आपली गाडी मातीमोल विकूही नका.

हे सगळं तपासायला एजंट लागत नाही. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा आणि पीयूसी दिसतं. थकलेली ई-चलनंही नंबरवरून पाहता येतात. ती सौद्याआधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. मग बॉनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. नंबर खरवडलेला, घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. गाडीला गॅसचं किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी झाल्याचं प्रमाणपत्रही हवं. घरगुती सिलिंडरवर चालवलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नको. ती चालती-फिरती चूल आहे.

मग पत्रा

गाडी पाहायला दिवसा उजेडी जा. रात्री किंवा पावसात पाहू नका, कारण ओल्या गाडीवर रंगाचे डाग दिसत नाहीत. सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री घ्या आणि त्याची मजुरी आपण द्या. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचंच बोलतो.

इंजिन दुरुस्त होतं, टायर बदलता येतात, पण आतून सडलेला पत्रा परत येत नाही. म्हणून गंज नीट शोधा. दरवाज्यांच्या खालच्या कडा, पायाखालच्या मॅटखालचा तळ, डिकीत स्टेपनी ठेवायची जागा आणि बॉनेटमध्ये शॉकॲब्झॉर्बर बसतात तो भाग पाहा. बोटाने दाबल्यावर पत्रा करकरला किंवा आत गेला, तर ती गाडी सोडा.

रंग एकसारखा आहे का ते बाजूने तिरकस नजरेने पाहा. एकच दरवाजा नव्यासारखा चमकत असेल, बॉनेटची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल, तर गाडीला मार बसलेला आहे. छोटा मार चालतो. पण पुढची चौकट वाकून सरळ केलेली असेल तर नको.

पाण्यात बुडालेल्या गाडीपासून सावध राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला येतात. ओळखायचं कसं? काचा बंद करून आत बसा आणि कुबट वास येतो का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ दिसते का पाहा. सीटखालचे नट-बोल्ट गंजलेत का, दिव्यांच्या आत पाण्याचे डाग आहेत का, तेही पाहा. पाणी शिरलेली वायरिंग कधी दगा देईल, याचा नेम नसतो.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी दिसत असली तरी रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील, तर चारही टायरचा खर्च धरून चला. एकाच कडेने झिजलेले टायर असतील तर चाकांची दिशा किंवा खालचे भाग बिघडलेले आहेत, असं समजा.

मीटरवर फार विसंबू नका. ते मागे फिरवता येतं. मीटर ४० हजार सांगतंय आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंग झिजून चकचकीत, चालकाची सीट खोल गेलेली असेल, तर गाडी मीटरपेक्षा जास्त पळाली आहे. घरगुती वापराची गाडी वर्षाला साधारण आठ-दहा हजार किलोमीटर चालते, असा अंदाज धरा. सर्व्हिसच्या पावत्या असतील तर मागा. पावत्या जपून ठेवणाऱ्याने बहुतेक गाडीही जपलेली असते.

मग रस्ता

जायच्या आधी निरोप द्या, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन खरं बोलतं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आजार झाकायला गाडी आधीच तापवून ठेवली असावी.

थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडा. झाकणाच्या आत दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. मग गाडी सुरू करून मागे उभ्या राहा. निळसर धूर सतत आला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर इंजिनात पाणी जातंय. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी वाफ दिसते, तिची काळजी नको.

आता चालवून पाहा. घरात कुणाला परवाना असेल तर त्यांनी चालवावं. किमान वीस मिनिटं, गावातल्या खडबडीत रस्त्यावरही आणि डांबरी रस्त्यावरही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडलं तर गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते का? मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली तर पुढून कट-कट आवाज येतो का? गिअर टाकताना करकर होते का? वीस मिनिटांनी तापमानाचा काटा मधेच आहे ना? परत आल्यावर गाडी कोरड्या जागेवर उभी करा आणि दहा मिनिटांनी खाली तेलाचे थेंब पडलेत का पाहा.

क्लचची एक साधी परीक्षा मिस्त्रीकडून करून घ्या. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गपकन बंद पडलं तर क्लच ठीक आहे. इंजिन नुसतंच घोंघावत राहिलं तर क्लचप्लेट संपली आहे.

मारुती ८०० आणि त्याच ७९६ सीसी इंजिनाच्या अल्टोमध्ये टायमिंग बेल्ट नावाचा दातांचा पट्टा असतो. तो साधारण लाखभर किलोमीटरला बदलावा लागतो. कधी बदलला, हे विचारा. सांगता येत नसेल तर बदलायचा खर्च धरा. तो तुटला की गाडी भररस्त्यात जागच्या जागी बंद पडते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्या आहेत का, पाझरतात का, हे मिस्त्रीला पाहायला सांगा. मायलेजही विकणारा सांगतो त्यापेक्षा थोडं कमीच धरा.

कोणती गाडी?

मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तिची शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून जुनी झाली. तरी तिचे आणि अल्टो, वॅगन-आरचे सुटे भाग अंबडला, जालन्याला सहज मिळतात आणि साध्या गॅरेजमध्येही दुरुस्ती होते. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्या स्वस्त दिसतात. पण घेण्याआधी आपल्या मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: "हिचा भाग मोडला तर तुम्ही किती दिवसांत आणून द्याल?"

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांत जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या त्या सगळ्या गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. म्हणून जुनी छोटी गाडी घेतली तर तिची मर्यादा ओळखून वापरायची: वेग कमी, सीटबेल्ट सगळ्यांना आणि पाचच्या गाडीत पाचच माणसं. सीटबेल्ट चालत नसेल तर आधी तो दुरुस्त करायचा, टेप नंतर बसवायचा.

शेवटी हिशेब

विकणारा सांगतो तो फक्त भाव असतो. गाडीची खरी किंमत म्हणजे भाव अधिक पहिल्या वर्षाचा खर्च. समजा, १६ वर्षं जुनी गाडी ८०,०००ला ठरली. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही विचारून भरा. चार टायर १२,०००. बॅटरी ४,०००. ऑइल, फिल्टर, पट्टे, ब्रेक मिळून ८,०००. विमा, नाव बदलणं आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट मिळून ५,०००. नोंदणी वाढवणं, पर्यावरण कर आणि पासिंगसाठीची किरकोळ कामं मिळून १२,०००. बेरीज ४१,०००. म्हणजे ८०,०००ची गाडी १,२१,०००ला पडली.

आता ती चार वर्षं वापरली आणि शेवटी २५,०००ला गेली असं धरू. तर ९६,००० रुपये ४८ महिन्यांत खर्च झाले, म्हणजे महिन्याला २,०००. विमा आणि डागडुजीचे महिन्याला १,५०० धरा. गाडी दारात नुसती उभी राहिली तरी महिन्याला ३,५०० गेले. दीडशे किलोमीटरच्या एका फेरीला, लिटरला १५ किलोमीटर धरून, १० लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपये भावाने ते १,०५० रुपये झाले.

याच फेरीला भाड्याची गाडी २,००० घेते असं समजू. महिन्याला एकच फेरी असेल तर स्वतःची गाडी ४,५५०ला पडते आणि भाड्याची २,०००ला. चार फेऱ्या असतील तर स्वतःची ७,७००ला आणि भाड्याची ८,०००ला. म्हणजे या हिशेबात महिन्याला चार फेऱ्यांच्या आत भाड्याची गाडी परवडते आणि त्यापुढे स्वतःची. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या घराला गाडी घेणं योग्य ठरेल. वर्षातून पाच लग्नं आणि एक रामनवमीची यात्रा एवढ्यासाठी घेणाऱ्या घराला ती जड जाईल. "रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर?" हा प्रश्न खरा आहे. पण त्यासाठी १०८ची मोफत रुग्णवाहिका आहे, तिचा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. केवळ त्या एका भीतीपोटी कर्ज काढू नका.

गटाच्या ताईंसाठी आणखी दोन गोष्टी. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. "गाडी घेऊ आणि भाडं मारून हप्ते फेडू" असा बेत असेल तर तो परवान्याच्या गाडीचा विषय आहे. घरगुती गाडीत भाडेकरी बसवले आणि अपघात झाला, तर विम्याच्या पैशावर पाणी सोडावं लागू शकतं.

दुसरी गोष्ट नावाची. कर्ज ताईने काढलं, सोनं ताईचं मोडलं, मग आरसीवर नाव ताईचं का नको? यात भांडण नाही, हिशेब आहे. हप्ता जिच्या नावावर, गाडीही तिच्या नावावर. आता आरसीवर वारसाचं नाव, म्हणजे नॉमिनी, लावण्याचीही सोय आहे. तेही लावून घ्या. काही गट मिळून गाडी घ्यायचं म्हणतात. तसं असेल तर नाव कुणाचं, पेट्रोल कुणाचं, चालवणार कोण आणि मोडतोड झाली तर पैसे कोण देणार, हे आधी ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

सौदा ठरला तर सगळी रक्कम एकदम देऊ नका. इसार द्या, पावती घ्या. फॉर्म २९ आणि ३०वर विकणाऱ्याच्या सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि दोन्ही किल्ल्या मिळाल्यावरच उरलेली रक्कम द्या, तीही शक्यतो बँकेतून. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं असतं. ही तारीख गटाच्या वहीतच लिहून ठेवा.

आणि घरातून निघण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: खर्च धरून जास्तीत जास्त किती. गाडी पाहून मन भरलं की तो आकडा विसरायला होतं, आणि "आज नाही घेतली तर उद्या जाईल" हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी असतंच. जाऊ द्या. गाड्या खूप आहेत. खोटे कागद आणि सडलेला पत्रा पाहून रिकाम्या हाताने परत आलेल्या बाईचा फक्त एक दिवस आणि मिस्त्रीची मजुरी गेलेली असते. तिचं सोनं जागेवर असतं.

येत्या बैठकीत हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा: कागद, पत्रा, रस्ता, हिशेब. गटातल्या कुणाच्याही दारात जुनी गाडी येणार असेल, तर ती येण्याआधी हे चारही एकत्र बसून तपासा.